रिपोर्ट पाचनंतर

"रिपोर्ट पाचनंतर," मी म्हणते,
आणि काचेपलीकडचा माणूस
हमखास घड्याळ बघतो. दहा वाजून वीस.
रास्ता पेठेतली आमची लॅब,
बाकं चार, पंखे दोन,
आणि बाहेरगावचं कुणी ना कुणी विचारतंच:
ताई, तोवर काय करू?

आधी खा, मी सांगते, उपाशीपोटी रक्त दिलंयत.
मग गुडघे धड असतील तर पर्वती.
बी.पी. दाखवायला आला असाल तर पायथ्याशीच बसा,
चढणारे बघा. तीही करमणूकच.
केळकर म्युझियमात अडकित्ते आहेत, नाना आकारांचे.
एक बाई परत येऊन म्हणाल्या,
एवढे अडकित्ते, आणि सुपारी एक नाही!
आणि हसत सुटल्या.
साखर तीनशे चाळीस होती त्यांची.

शनिवारवाडा भर दुपारी सुचवत नाही,
आत ऊन आणि जोती.
त्यापेक्षा पाताळेश्वर.
जंगली महाराज रस्त्याची घाई वरच ठेवायची
आणि खाली उतरायचं. दगड गार.
गोल मंडपात नंदी,
आणि आत कुठेतरी कुणी छिन्नी ठेवून निघून गेलंय,
काम तसंच अर्ध्यावर.
तिथे तासभर बसलात तरी कुणी उठवत नाही.

ज्यांच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी खाली दोन रेघा मारलेल्या असतात
त्यांना मी सिनेमाला पाठवते.
मारामारीचा बघा, म्हणते.
अंधारात कुणी चेहरा वाचत नाही,
आणि आवाज इतका
की स्वतःचं काही ऐकू येत नाही.

मी यातलं काहीच पाहिलेलं नाही.
नऊ ते सहा, रविवारी अर्धा दिवस.
माझं पुणं म्हणजे
लोकांनी पाच वाजता परत आणून दिलेलं.

परांड्याचे मकबूल तांबोळी रात्रीच्या एस.टी.नं आले होते,
बायकोच्या गाठीचा कागद न्यायला.
सिनेमाला पाठवले, तर पावणेचारलाच हजर.
मारामारीच्याला गर्दी होती, शेजारच्यात गेलो, म्हणाले,
पण मध्यंतरात उठलो. कागद लवकर आला तर?

कागद तीनलाच आला होता.
माझ्या ड्रॉवरमध्ये, पालथा.
आम्ही वाचायचा नसतो. मी वाचला होता.

काय होतं सिनेमात? मी विचारलं.
तर म्हणाले, घाटात ट्रक बंद पडतो, ताई.
क्लीनर मागे चढतो, तर पिंपांच्या आड म्हातारी,
नवी कोरी साडी, हातभर चुडा.
कुठे निघालीस गं? लग्नाला.
कुणाच्या? माझ्याच.
ड्रायव्हर म्हणतो, उतरव तिला.
क्लीनर म्हणतो, पोचवू की, वाटेतच तर आहे.
त्यांनी दोघांचे आवाज काढले, ट्रकचाही काढला,
रक्त द्यायला आलेलं एक पोरगं रडायचं थांबलं.
मी सव्वापाचपर्यंत सांगू दिलं.

मग कागद दिला.
त्यांनी त्याच्या चार घड्या केल्या, टोपीत ठेवला,
आणि दारातून वळून म्हणाले,
नवरदेव आला असेल का हो?

रविवारी मी गेले.
तिकीट पूर्ण काढलं
आणि मध्यंतरापर्यंत बाहेर पायरीवर बसून राहिले.
डोअरकीपर म्हणाला, बाई, सुरू झालाय.
म्हटलं, माहितेय.
तो ट्रक मला परांड्याच्या आवाजातलाच हवा होता.
घंटा झाली तेव्हा आत शिरले,
कुणाच्या तरी पायावर पाय देत.

घरी येऊन उत्तरार्ध लिहून काढला,
जुन्या पावत्यांच्या पाठीवर, क्रमानं,
गाणी कुठे येतात तेसुद्धा.
ड्रॉवरमध्ये आहे, स्टेपलरखाली.
त्यांना तीन महिन्यांनी बोलावलंय, बायकोला घेऊन.
विचारतीलच, ताई, तोवर काय करू?
बसा, म्हणेन.